सुकेशनीचे एकशे चौदा तास

सुकेशनीचं ट्रेनिंग मी बंद पाडलं. अर्ज केला नाही, तक्रार केली नाही, नुसतं कौतुक केलं. पण बत्तीस वर्षं मास्तरकी केल्यामुळे मला कौतुक हळू आवाजात करता येत नाही, आणि समोर दहा माणसं उभी असली तर थोडक्यातही करता येत नाही.

झालं असं की जूनच्या सुरुवातीला मला सर्दी झाली. आमच्या वाशीमकडच्या मालेगावात, बाजार रस्त्यावर बबलूचं औषधाचं दुकान आहे. साध्या सर्दीसाठी आमच्याकडे कोणी डॉक्टरच्या पायऱ्या चढत नाही. बबलूच्या काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवायची आणि म्हणायचं, "बबलू, पुडी दे." पांढरी, पिवळी आणि गुलाबी, अशा तीन गोळ्यांच्या पुड्या त्यानं वर्तमानपत्राच्या तुकड्यात आधीच बांधून बरणीत भरून ठेवलेल्या असतात. दोन दिवसांच्या चार पुड्या घ्यायच्या आणि घरी जायचं. पांढरी कशाची, गुलाबी कशाची, हे त्याला कोणी विचारत नाही. तोही स्वतःला विचारत नाही. गेली वीस वर्षं मी त्याच पुडीवर सर्दी काढली आहे. पुडी घेतली की सर्दी सात दिवसांत जाते, नाही घेतली तर आठवडा लागतो.

त्या दुपारी बबलू जेवायला गेला होता. काउंटरवर सुकेशनी होती. जवळच्या मेडशीची मुलगी, माझी जुनी विद्यार्थिनी. बी. फार्मचं तिसरं वर्ष संपवून बबलूकडे ट्रेनिंगला लागलेली. मी सवयीनं पुडी मागितली. तिनं बरणीतून काढली, पण माझ्या हातात दिली नाही.

"सर, ताप आहे का?"

"नाही."

"बीपीची गोळी चालू आहे ना तुमची?"

"आहे. तुला कसं माहीत?"

"इथूनच त नेता."

तिनं पुडी काउंटरवर उघडली आणि गहू निवडावेत तशा दोन गोळ्या बाजूला सारल्या. "ही पांढरी अँटिबायोटिक. साध्या सर्दीले लागत नाही, आन जथी लागते तथी दोन दिवसानं भागत नाही. ही गुलाबी नाक मोकळं करते, पण बीपी वाढवते. ही एवढी पिवळी रात्री घ्या, झोप लागन. वाफ घ्या. तीन दिवसांत नाही उतरली त डॉक्टरकडे जा."

मी एक गोळी घेऊन घरी आलो. फसवल्यासारखं वाटत होतं. पण तिसऱ्या दिवशी नाक मोकळं झालं, डोकं हलकं झालं, आणि माझ्यातला मास्तर जागा झाला.

तो नेमका बाजाराचा दिवस होता. दुकानापुढे दहा-बारा माणसं, गल्ल्यावर बबलू, मागे कपाटाशी सुकेशनी. मी पायरीवर उभा राहिलो आणि बोललो. काय बोललो ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं, कारण सुकेशनीच्या आईनं, बेबीताईंनी, नंतर मला ते दोनदा ऐकवलं. मी म्हणालो, "मंडळी, वीस वर्षं मी या दुकानातून गोळ्या नेतो आहे. कोणती गोळी खाऊ नये हे मला इथं परवा पहिल्यांदा कळलं. या मुलीनं माझ्या पुडीतल्या तीनपैकी दोन काढून टाकल्या आणि मी बरा झालो."

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मी पुढे मेडशीच्या शाळेचं नाव घेतलं आणि स्वतःचंही घेतलं.

मग रांगेतल्या एका बाईनं कमरेची पुडी सोडली, काउंटरवर ठेवली आणि बबलूला ओलांडून मागे विचारलं, "बाई, याच्यातली कोणती काढू?" तिच्या मागच्या म्हाताऱ्यानं खिशात हात घातला. पाच मिनिटांत काउंटरवर सहा-सात पुड्या उघड्या पडल्या होत्या आणि बबलू हसत होता. लग्नात कोणी पाहुण्यांच्या देखत नवरदेवाच्या बापाचा हिशेब काढला की तो हसतो, तसं.

संध्याकाळी दुकान आवरताना त्यानं सुकेशनीला सांगितलं, "उद्यापासून येऊ नको. लय शिकली तू."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बेबीताईंचा फोन. त्या मेडशीच्या अंगणवाडीत मदतनीस आहेत, त्यामुळे रडणाऱ्या पोरापासून ते मोठ्या मॅडमपर्यंत सगळ्यांशी एकाच आवाजात बोलतात.

"सर, पोरीले अक्षरं तुमी शिकवले ना?"

"हो."

"मंग आता तिचं शिकणं बी तुमीच बंद केलं. हिशेब झाला."

त्यांनी फोन ठेवला. मग पुन्हा केला, कारण राग उरला होता, आणि माझं भाषण मला दोनदा ऐकवलं.

आता यात काय बिघडलं, हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. सुकेशनीनंच समजावलं. बी. फार्मच्या सहाव्या सेमिस्टरनंतर दीडशे तास प्रत्यक्ष कामाचं ट्रेनिंग करायचं असतं, दवाखान्यात, कारखान्यात किंवा औषधाच्या दुकानात. त्याचा फॉर्म असतो. किती तास झाले ते त्यावर लिहायचं, खाली नोंदणीकृत फार्मासिस्टची सही आणि नंबर. तो फॉर्म वाशीमला कॉलेजात शुक्रवारपर्यंत द्यायचा. नाही दिला तर सातव्या सेमिस्टरला नाव चढत नाही, पोरगी मागच्या मुलांबरोबर बसते. तिचे एकोणीस दिवस झाले होते, रोजचे सहा तास. एकशे चौदा. राहिले छत्तीस. आणि माझं भाषण झालं शनिवारी.

रविवार-सोमवार तिनं आणखी चार दुकानं पालथी घातली. दोघं म्हणाले, जागा नाही. एक म्हणाला, बबलूनं सांगितलंय. चौथा म्हणाला, "ये की, पण बोलायचं नाही." तिथून ती स्वतःच परत फिरली.

सुकेशनीच्या घरात बोलण्याची वाटणी मजेशीर झाली आहे. बाप संघपाल ग्रामपंचायतीच्या टाकीचा व्हॉल्व सोडतो. पाणी आलं नाही की गावातली माणसं टाकीकडे बघत नाहीत, संघपालला फोन लावतात. लोकांचं शांतपणे ऐकून घ्यायचं ती बापाकडून शिकली आणि उत्तर द्यायचं आईकडून. आजोबा ग्यानबा दम्याचे. त्यांची औषधं वाचून दाखवायचं काम घरात हिचं. आठवीत असताना तिनं खोकल्याच्या बाटलीवरची तारीख वाचली आणि सांगितलं, बाटलीची मुदत पाच महिन्यांपूर्वीच संपली. आजोबा म्हणाले, "औषध आहे माय, दूध थोडंच आहे नासायले." ती ती बाटली घेऊन शाळेत माझ्याकडे आली. "सर, ही तारीख खरी असते का खोटी?" मी मराठीचा मास्तर. मी म्हणालो, कंपनीवाले आपले लिहितात. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी घरी जाऊन माझ्या सगळ्या बाटल्या तपासल्या. दोन फेकल्या.

तेव्हापासून तिचं ठरलेलं. बारावीनंतर डॉक्टरकीला मार्क कमी पडले तेव्हा सगळं घर उदास झालं, ही नाही झाली. तिला गोळ्यांचंच शिकायचं होतं. नातेवाईकांना ते कधीच समजलं नाही. कोणी विचारी, "सुई टोचता येते का तुले?" कोणी म्हणे, "मंग मेडिकल केव्हा टाकतेस?" ही म्हणे, "आधी शिकू त द्या."

आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ती बबलूकडे पोचली. पहिल्या दिवशी बबलूनं तिच्या हातात फडकं दिलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी तिनं पाहिलं की कपाटातली औषधं कुठल्याच क्रमानं लावलेली नाहीत. मग कॉलेजात शिकवलं होतं तसं तिनं दोन दिवस खपून सगळं दुकान औषधाच्या मूळ नावाप्रमाणे लावलं, आधी संपणारं पुढं, नंतरचं मागं. दुकान देखणं झालं. बबलूला त्यातलं काहीही सापडेना. बबलूची औषधं नावानं नव्हतीच, जागेनं होती. साखरेची गोळी म्हणजे पंख्याच्या बटणाखालची, पोटाची म्हणजे देवाच्या फोटोच्या डाव्या हाताची. शनिवारी एका गिऱ्हाईकाला ॲसिडिटीची गोळी द्यायला त्याला पाऊण तास लागला. रविवारी दुकान बंद ठेवून त्यानं सगळं परत होतं तसं लावलं. सोमवारपासून सुकेशनीकडे डायपर, केसांचं तेल आणि पुड्यांसाठी कागद फाडणं.

कॉलेजची एक डायरी होती. रोज लिहायचं, आज काय शिकले. सुकेशनीनं एका दिवशी लिहिलं होतं, "धूळ." दुसऱ्या दिवशी, "कालचंच." कॉलेजचे सर फोनवर म्हणाले, अगं असं नसतं लिहायचं, साठा व्यवस्थापन लिही. तिची वर्गमैत्रीण स्नेहा हिनं मामाच्या दुकानात दीडशे तास एका दुपारी चहासोबत उरकले होते. तिची डायरी एकदम सुंदर, लाल-हिरव्या पेनानं आखलेली.

"मंग तू बी तसंच काहून नाही करत?" मी विचारलं होतं. मेडशीत बत्तीस वर्षं काढल्यावर माझ्या तोंडीही वऱ्हाडीच येते.

"सर, गोळी कशी बनते ते मी शिकली. पोटात गेल्यावर काय करते ते शिकली," ती म्हणाली. "माणसाच्या हातात कशी द्यायची, तेवढंच राह्यलं. ते कोणी दाखवूनच नाही राह्यलं."

ती हे चिडून म्हणाली. चिडली की ती हातातली वस्तू नीट सरळ ठेवते. त्या दिवशी तिनं माझा चष्मा टेबलावर चार वेळा सरळ केला.

तर मंगळवारी मी अपराध्यासारखा बबलूकडे गेलो. तोही माझा विद्यार्थी, तिच्या आधी पंचवीस वर्षांचा.

"सर, तुमी त्या दिवशी मले आशीर्वाद देल्ला का शाप?" त्यानं विचारलं. "तेव्हापासून लोकं पुडी नेत नाहीत. नेली त इचारतात. मी काय सांगू त्यायले? मले माहीत असतं त पुडी कायले बांधली असती?"

"बरं, ते राहू दे. तिच्या फॉर्मवर सही कर. एकशे चौदा तास केले आहेत तिनं."

बबलूनं फॉर्म हातात घेतला, लांब धरून वाचला आणि हसला. या वेळी खरं हसला. "इथं लिहेल आहे, नोंदणीकृत फार्मासिस्ट. मी नववी नापास, सर. तुमीच केलं होतं मराठीत." आणि त्यानं अंगठ्यानं मागची भिंत दाखवली. "सही पाह्यजे त त्याले मागा."

भिंतीवर एक चौकट होती. फार्मसीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, कोपऱ्यात भरघोस मिशांच्या एका तरुणाचा फोटो, नाव हरिसिंग. वीस वर्षं मी त्या चौकटीखाली कोपरं टेकवत आलो आणि मला वाटे तो बबलूच्या वारलेल्या मेव्हण्याचा फोटो आहे. दुकानाला परवाना लागतो, परवान्याला फार्मासिस्ट लागतो, म्हणून बबलूनं एक भिंतीवर लावला होता. खरा माणूस दुकानात यायची गरज त्या वीस वर्षांत कोणालाच पडली नव्हती.

"कुठं असतो?"

"पोहरादेवीले. नारळ विकते."

झालेल्या तासांवर सही तरी असली तर कॉलेज ऐकेल, या आशेवर बुधवारी सकाळी सुकेशनी आणि मी निघालो. मालेगाव ते वाशीम, वाशीम ते मंगरूळपीर, तिथून मानोरा, मानोऱ्याहून पोहरादेवी. चार एसट्या. माझ्या पापाला लांबचं अंतर शोभतं असं मी विनोदानं म्हणालो. सुकेशनी हसली नाही. प्लास्टिकच्या फायलीत फॉर्म होता, ती फाईल मांडीवर सरळ ठेवून बसली होती.

ना यात्रा होती ना सण, त्यामुळे देवळासमोरची बहुतेक दुकानं पडदा टाकून झोपलेली. एका दुकानात नारळ, देवीचे लाल नाडे, गुलाल आणि साखरेच्या गाठींच्या माळा होत्या, आणि मागे चष्मा लावलेला, टक्कल पडलेला एक माणूस नारळाची शेंडी उपटत होता. मी त्याला ओळखणंच शक्य नव्हतं. सुकेशनी थेट पुढे गेली.

"हरिसिंगभाऊ?"

"हो. कितीवाला पाह्यजे?"

"मी तुमचा फोटो एकोणीस दिवस पुसला. तुमच्या कपाळावर डाग दिसते, तो काचेवरचा आहे का खरा, ते पाह्यचं होतं मले."

हरिसिंगचा हात शेंडीवरच थांबला. "बबल्याच्या दुकानातला फोटो? आहे का अजून? मले वाटलं झुरळायनं खाल्ला असन." मग त्यानं कपाळ पुढे केलं. "खरा आहे. लहानपणी चुलीवर पडलो होतो."

त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, आणि सगळं ऐकून घेऊन इतक्या पटकन पेन काढलं की मला वाटलं, संपलं, सुटलो.

"किती टाकू? दीडशे?" मग आमच्याकडे पाहून म्हणाला, "का दोनशे टाकू? लांबून आले तुमी."

"एकशे चौदा झाले," सुकेशनी म्हणाली.

"मंग बाकीचे?"

"बाकीचे नाही झाले."

हरिसिंगनं माझ्याकडे पाहिलं. मी नारळांकडे पाहिलं.

तेवढ्यात एक म्हातारी आली. पलीकडच्या तांड्यावरची जमनाबाई, असं हरिसिंगनं नंतर सांगितलं. हातात बांगड्या, घाम आलेला, पदरात गोळ्यांची दोन पाकिटं बांधलेली. ती दुकानाच्या कडेला बसली आणि त्यातलं एक पाकीट हरिसिंगपुढे धरून त्यांच्या बंजारा बोलीत काहीतरी म्हणाली. चक्कर येते, एवढं मला हातवाऱ्यांवरून कळलं.

सुकेशनीनं चटकन पाकीट पाहिलं. "साखरेची गोळी आहे. डोस तर बरोबर आहे."

"गोळी नंतर पाय," हरिसिंग पेन खाली ठेवून म्हणाला. "आधी इचार, जेवली का."

त्यानं विचारलं. जमनाबाईनं मान हलवली. आज तिचा उपास होता. सकाळपासून चहासुद्धा नाही, पण गोळी मात्र डॉक्टरनं चुकवायची नाही सांगितल्यामुळे नेमानं घेतलेली. हरिसिंगनं वरच्या माळेतली साखरेची गाठ तोडून तिच्या तोंडात घातली, पाण्याचा तांब्या दिला, आणि आमच्याशी काही झालंच नाही अशा आवाजात बोलू लागला. "उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं, ते आधीच डॉक्टरले इचारून ठेवायले पाह्यजे. पण आपल्या लोकायले हे सांगायचं कोण? डॉक्टरले वाटते आपण सांगू, आपल्याले वाटते डॉक्टरनं सांगतलं."

जमनाबाई दहा मिनिटांत सावरली. मग त्यानं तिची दोन्ही पाकिटं घेतली. सकाळच्या गोळीच्या पाकिटाचा एक कोपरा कात्रीनं उडवला. रात्रीच्या पाकिटाला दुकानातला लाल नाडा गुंडाळून गाठ मारली. "वाचता येत नाही तिले. बोटानं समजते. कोपरा नाही ते दिवसाचं, गाठ आहे ते रात्रीचं." म्हाताऱ्यांना दोन वेळा सांगायचं, आणि तिसऱ्यांदा त्यांच्याकडून वदवून घ्यायचं, हेही त्यानं सांगितलं. एकाच रंगाच्या दोन गोळ्या असल्या तर एक कागदात आणि एक डबीत द्यायची. माणूस घाईत असला तर त्याला आधी बाकीचे पैसे द्यायचे नाहीत, म्हणजे तो थांबतो आणि ऐकतो.

सुकेशनी डायरी काढून लिहीत होती. गेल्या एकोणीस दिवसांत इतकी शाई त्या डायरीला लागली नव्हती. ती प्रश्न विचारत होती, हरिसिंग उत्तरं देत होता, मधेच नारळ विकत होता. असा पाऊण तास गेला. माझ्या लक्षात आलं की हा माणूस फार्मासिस्ट आहे. अगदी खरा.

"मंग तुमी दुकानात काहून नाही बसत?" तिनं विचारलं.

"बसलो होतो ना. दुकान नवं होतं तेव्हा, आठ महिने. लोकायले घाई असते. मी इचारत बसो, जेवले का, दुसरी कोणती गोळी चालू आहे का. तोवर लोकं बाजूच्या दुकानात जात. बबल्या म्हणे, तू भिंतीवरच बरा." त्यानं शेंडीचा काथ्या झटकला. "इथं कोणाले घाई नसते. देवळात जायचं तेवढं. आन नारळाचं काही इचारावं लागत नाही."

"इथं बसून मी छत्तीस तास केले त?"

"चालणार नाही. परवाना दुकानाचा लागते, माह्या डोक्याचा नाही." मग त्यानं फॉर्म स्वतःकडे ओढला. "मी तथी येऊन बसलो असतो चार-सहा दिवस. पण परवा शुक्रवार आहे, आन बबल्या काय तुले आत घेत नाही."

त्यानं फॉर्मवर सही केली, नंबर टाकला. अक्षर मोत्यासारखं. तासांची चौकट रिकामी सोडून त्यानं फॉर्म तिच्यापुढे सरकवला. "हे तू भर. मी तथी नव्हतो. मले काय माहीत किती झाले."

निघताना सुकेशनीनं त्याला विचारलं, या पाऊण तासाचं डायरीत काय लिहू. तो म्हणाला, "लिही की नारळ घेतला." आणि त्यानं खरंच एक नारळ दिला.

परतीची एसटी मानोऱ्याहून उन्हात निघाली. शेतं नांगरून काळीभोर पडली होती, पेरणीच्या घाईतली माणसं बियाण्याच्या पिशव्यांसह चढत-उतरत होती. एका पिशवीवर माझे पाय, एकावर तिचे. सुकेशनीनं कॉलेजात फोन लावला. तिकडच्या सरांचा आवाज मलाही ऐकू येत होता. दीडशेला एक तास कमी चालणार नाही, ते म्हणाले. फॉर्म परत येईल. मग दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा सगळं, आणि सेमिस्टर पुढच्या वर्षी. त्यांनी हे प्रेमानंच सांगितलं, आणि शेवटी हळूच म्हणाले, "सही झाली आहे ना? मग काय ते बघ."

तिनं फोन ठेवला. फाईल मांडीवर सरळ केली. पुन्हा केली.

"संपलं मंग," मी म्हणालो. "सही आहे, नंबर आहे, चौकट रिकामी आहे. सरांनीही सांगितलं."

तिनं फाईल तिसऱ्यांदा सरळ केली.

मंगरूळपीरच्या स्टँडवर एसटी थांबली. इंजिन बंद झालं, थरथर थांबली. तिनं पिशवीतून पेन काढलं. मी मनातल्या मनात बेबीताईंना फोन लावून ठेवला होता. उद्या सकाळी सातला मी करणार होतो, त्यांनी करण्याआधी. ताई, सगळं मिटलं. तुमच्या पोरीचं वर्ष वाचलं. मला हे वाक्य फार हवं होतं. शनिवारपासून मी नीट जेवलोही नव्हतो.

तिनं चौकटीत एक लिहिलं. मग पुन्हा एक. मग चार. मग खाली अक्षरी, शाळेतल्यासारखं गोल, एकशे चौदा फक्त.

"अगं पोरी, काय केलंस," मी म्हणालो. "परवा घेतील का ते?"

"नाही घेणार."

"तुझं वर्ष जाईल."

"जाईल."

"ती स्नेहा पुढे निघून जाईल. दीडशे लिहायचे ना. एवढ्या डायऱ्या, एवढे फॉर्म, त्या कॉलेजात कोण बसलंय तास मोजायला?"

तिनं पेनाचं टोपण लावलं.

"मी मोजून राह्यली, सर."